फिलेमोनाच्या पत्रातलं आतडं: एका इंग्रजी अनुवादाचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या एका मध्यम शहरातल्या चर्चमध्ये रविवारी संध्याकाळी प्रौढांसाठी इंग्रजीचा वर्ग चालतो. ओळख पटू नये म्हणून चर्चचं आणि माणसांचं नाव देत नाही, काही तपशीलही बदलले आहेत. वर्गाला येणारे बहुतेक जण परदेशातून आलेले. कुणी फारसी बोलणारं, कुणी तिग्रिन्या, कुणी युक्रेनियन, दोघीतिघी मल्याळी नर्सा. वर्ग सुटल्यावर ज्यांना थांबायचं ते थांबतात आणि बायबलचा एखादा भाग मोठ्यानं वाचला जातो.

एका वर्षी असं ठरलं की तुकडे वाचण्यापेक्षा एखादं अख्खं पत्र एका बैठकीत ऐकवावं. पहिल्या शतकातल्या मंडळीनं, म्हणजे एकत्र जमणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी, ते तसंच ऐकलं असणार. निवड झाली नव्या करारातल्या, प्रेषित पौलाच्या फिलेमोनाला लिहिलेल्या पत्राची. पौलाच्या पत्रांत ते सगळ्यात छोटं: 25 वचनं, मूळ ग्रीकमध्ये साधारण 335 शब्द. सावकाश वाचलं तरी पाच मिनिटांत संपतं.

ज्यांना पत्र माहीत नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. पौल तुरुंगात आहे. अनेसिम नावाचा एक गुलाम त्याच्याजवळ आलेला आहे. त्याचा मालक फिलेमोन हा पौलाच्याच ओळखीचा ख्रिस्ती माणूस, आणि त्याच्या घरात मंडळी जमते. पौल अनेसिमाला मालकाकडे परत पाठवतो आणि त्याच्या हाती हे पत्र देतो: याला आता गुलाम म्हणून घेऊ नकोस, गुलामापेक्षा अधिक, प्रिय भाऊ म्हणून घे. पुढे फिलेमोनानं काय केलं ते पत्रात नाही. सगळं वजन विनवणीच्या शब्दांवर आहे.

तयार इंग्रजी अनुवाद भरपूर आहेत. पण वर्गासाठी साधी, कानाला एकदाच ऐकून कळणारी इंग्रजी हवी होती, म्हणून चौघांचा गट बसला. शाळेत ग्रीक आणि लॅटिन शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ, वर्गात इंग्रजी शिकवणाऱ्या बाई, चर्चमध्ये अनेक वर्षं वाचन करणाऱ्या ऐंशीच्या घरातल्या एक आजी, आणि मी. मी मूळची अहिल्यानगर जिल्ह्यातली. ग्रीक पुण्यात शिकले. गटात माझं काम मसुदा मूळ ग्रीकशी ताडून पाहण्याचं होतं.

अडचण कुठे दिसली

पहिला मसुदा इंग्रजीच्या बाईंनी केला आणि तो खरोखर चांगला होता. वाक्यं छोटी, शब्द ओळखीचे. मी ताडून पाहिला, चारदोन खुणा केल्या आणि मान डोलावली. त्या मान डोलावण्याबद्दल पुढे लिहिते.

मग चर्चच्या मागच्या खोलीत वर्गातल्या सहा जणांसमोर चाचणीवाचन झालं. आजींनी वाचलं. वाचून झाल्यावर बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला: तुम्हाला काय कळलं, तुमच्या शब्दांत सांगा. पाच जणांनी गोष्ट जवळपास बरोबर सांगितली. सहावी बाई, एरवी फार न बोलणारी, कागदावर बोट ठेवून म्हणाली, “शेवटी हा म्हातारा स्वतःसाठी का मागतो? इतका वेळ त्या मुलासाठी बोलत होता, आणि आता म्हणतो मला जरा खूश कर.”

20वं वचन. मसुद्यात तिथे ‘चिअर मी अप’ होतं. इंग्रजी म्हणून त्यात काही चूक नाही. मी घरी येऊन ग्रीक उघडलं आणि रंगीत पेन्सिलीनं एकच शब्द शोधत गेले. ‘स्प्लांख्ना’ तीनदा सापडला. 7व्या वचनात पौल फिलेमोनाची स्तुती करतो: भाऊ, तुझ्यामुळे पवित्र जनांची स्प्लांख्ना विसावली आहेत. 12व्या वचनात अनेसिमाविषयी: त्याला मी तुझ्याकडे परत पाठवतो आहे, म्हणजे माझी स्वतःची स्प्लांख्नाच. आणि 20व्या वचनात विनंती: ख्रिस्तामध्ये माझ्या स्प्लांख्नांना विसावा दे. 7 आणि 20 मध्ये क्रियापदही एकच आहे, ‘आनापाउओ’.

तीन लाल वर्तुळं एका कागदावर दिसली तेव्हा पत्राचा कणाच समोर आला. तू लोकांच्या आतड्याला विसावा देणारा माणूस आहेस. हा मुलगा म्हणजे माझं आतडं आहे. तर मग माझ्या आतड्याला विसावा दे. पौल 20व्या वचनात स्वतःसाठी मागतच नाहीये. तो अनेसिमासाठीच मागतोय, फक्त आता नाव न घेता. आमच्या मसुद्यात 7व्या वचनात ‘हार्ट्स’ होतं, 12व्यात ‘समवन आय लव्ह’, 20व्यात ‘चिअर मी अप’. प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर सोपं आणि बरोबर. एकत्र घेतली तर युक्तिवाद तुटलेला. ग्रीक न येणाऱ्या बाईनं, जेमतेम दोन वर्षांच्या इंग्रजीवर, नेमकी तुटलेली जागा दाखवली होती.

शब्दाचा अर्थ

‘स्प्लांख्ना’ म्हणजे शरीराच्या आतले अवयव: काळीज, यकृत, फुप्फुसं, आतडी. प्रेषितांच्या कृत्यांत, पहिल्या अध्यायाच्या 18व्या वचनात, येशूला पकडून देणाऱ्या यहूदाचं पोट फुटून जे बाहेर येतं ते हेच, अगदी शब्दशः. बाकी नव्या करारात हा शब्द मायेसाठी, कळवळ्यासाठी येतो. त्यावरून झालेलं क्रियापद शुभवर्तमानांत बारा वेळा येतं, फक्त मत्तय, मार्क आणि लूक यांच्यात. येशूच्या गोष्टींत वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला पाहून शोमरोनी माणसाला जे झालं ते, आणि उधळ्या मुलाला दुरून येताना पाहून बापाला जे झालं ते. मराठीत सांगायचं तर त्याच्या पोटात तुटलं.

मला इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. हा शब्द शिकताना पुण्यात आम्हाला एक लांबलचक स्पष्टीकरण दिलं होतं: प्राचीन लोक भावनांचं स्थान पोटात मानत वगैरे. ते इंग्रजी पुस्तकातून आलेलं होतं आणि इंग्रजी वाचकालाच त्याची गरज आहे. माझी आजी कुणाचं दुःख पाहून “आतडं तुटतं गं” म्हणायची. सख्ख्या नात्याला “आतड्याची माया” म्हणायची. तिला हा शब्द समजावून सांगायला एक मिनिटही लागलं नसतं.

1611च्या किंग जेम्स बायबलनं तिन्ही ठिकाणी ‘बाउल्स’, म्हणजे आतडी, घातलं. त्या काळच्या इंग्रजीत तो शब्द पोटातल्या मायेलाही चालत असे, आणि तिन्ही ठिकाणी एकच शब्द ठेवल्यामुळे धागाही टिकला. 1881च्या सुधारित आवृत्तीत त्याच्या जागी ‘हार्ट’ आलं, तेही तिन्ही ठिकाणी. विसाव्या शतकात वाक्यागणिक सहज इंग्रजीचा आग्रह वाढला तेव्हा काही अनुवादांत हा धागा सुटला, आणि आमचा मसुदा त्याच वाटेनं गेला होता.

पर्याय आणि त्यांवरची चर्चा

पुढच्या बैठकीत मी तो रंगवलेला कागद टेबलावर ठेवला. तिन्ही ठिकाणी एकच शब्द हवा हे पाच मिनिटांत मान्य झालं. कोणता, यावर दोन संध्याकाळी गेल्या.

ग्रीकच्या सरांना ‘बाउल्स’ परत आणावंसं वाटत होतं. एक शब्द समजावून सांगायला किती वेळ लागतो, असं त्यांचं म्हणणं. आजींनी शांतपणे सांगितलं की त्यांच्या घरी हा शब्द सरकारी आरोग्यसेवेच्या पाकिटावर येतो. आतड्याच्या कॅन्सरची तपासणी करण्यासाठी शौचाचा नमुना पाठवायचा संच पोस्टानं येतो त्यावर. वर्गातल्या नर्सा तो शब्द रोज वॉर्डात वापरतात. पत्र मोठ्यानं वाचताना तो आला तर ऐकणाऱ्यांचं मन तिथेच अडकणार. सरांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

‘गट’ (gut, म्हणजे आतडं) हा इंग्रजी शब्द बाईंनी सुचवला. शरीराच्या बाबतीत सगळ्यात जवळचा. पण इंग्रजीत त्याची एकवचनी वाट अंदाजाकडे जाते आणि अनेकवचनी वाट हिमतीकडे. “माझी हिंमत तुझ्याकडे पाठवतो आहे” असा अर्थ झाला असता. पौलाच्या तोंडी तो शोभलाही असता, पण तो पौलाचा अर्थ नव्हे.

मग माझी पाळी आली. 12व्या वचनासाठी मराठीत मी काय म्हणेन, असं आजींनी विचारलं. मी न थांबता म्हटलं, “माझा पोटचा गोळा.” आणि ते शब्दशः इंग्रजीत सांगितलं. टेबलाभोवती सगळे गप्प झाले, कारण सरांच्या लक्षात एक गोष्ट आली जी मला माझ्याच भाषेमुळे दिसत नव्हती. ग्रीकमध्येही ‘स्प्लांख्ना’ पोटच्या लेकराला म्हटलं जाई. आणि दोनच वचनं आधी पौल अनेसिमाला आपलं लेकरू म्हणालेला आहे, बेड्यांत असताना जन्म दिलेलं. म्हणजे 12व्यातला शब्द मायेचाही आहे आणि लेकराचाही. मराठीत हे दोन्ही एका दमात येतं. इंग्रजीत असा शब्द आम्हाला सापडला नाही.

त्या उत्साहात आम्ही जवळजवळ चूक केली. “मग ‘माय ओन फ्लेश’ म्हणू या,” असं मीच सुचवलं. रक्तामांसाचा, म्हणून. सगळ्यांना आवडलं, बाईंनी लिहूनही घेतलं. घरी जाताना बसमध्ये पुढची वचनं मनात म्हणत होते आणि 16व्याला अडखळले. तिथे पौल म्हणतो की अनेसिम फिलेमोनाला देहानेही भाऊ आहे आणि प्रभूमध्येही. तिथे ग्रीकमध्ये ‘सार्क्स’ आहे, देह, मांस. म्हणजे आमच्या इंग्रजीत 12 आणि 16 एकमेकांना हाक मारू लागले असते आणि ऐकणाऱ्याला पौलानं न जोडलेली दोन टोकं जोडलेली वाटली असती. तुटलेला धागा जोडताना खोटा धागा विणला जात होता. रात्रीच सगळ्यांना कळवलं.

राहिलं ‘हार्ट’. त्याविरुद्धचं म्हणणंही खरं होतं. ग्रीकमध्ये हृदयाला वेगळा शब्द आहे, ‘कार्डिआ’, आणि तो बुद्धीशी, इच्छेशी, निर्णयाशी जास्त बांधलेला आहे. या पत्रात तो एकदाही येत नाही. शिवाय इंग्रजी ‘हार्ट’ शुभेच्छापत्रांनी गुळगुळीत केलेला शब्द. पण तो कळतो, तो तिन्ही वाक्यांत बसतो, आणि त्याच्या आधारे धागा ऐकू येतो. आम्ही तोच घेतला. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता, पण तो हरलेल्या बाजूनं घेतलेला बरोबर निर्णय होता. शब्दाचं पोट आम्ही गमावलं आणि वाक्याची वीण वाचवली.

क्रियापदावर मात्र एक छान गोष्ट घडली. ‘आनापाउओ’साठी बहुतेक अनुवादांत ‘रिफ्रेश’ आहे. वर्गातल्या तरुण मुलाला विचारलं तर त्यानं फोनच्या पडद्यावर बोट खाली ओढून दाखवलं. दुसऱ्याला चहा-बिस्किटं आठवली. मग सरांनी मत्तयाच्या 11व्या अध्यायाचं 28वं वचन काढलं: कष्टी आणि भाराक्रांत जनहो, माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हाला विसावा देईन. तिथलं क्रियापद हेच. इंग्रजीत तिथे ‘रेस्ट’ आहे, आणि हे वचन वर्गातल्या निम्म्या लोकांना पाठ होतं. म्हणून 7व्यात ‘देवाच्या लोकांच्या हृदयांना तुझ्यामुळे विसावा मिळाला आहे’ आणि 20व्यात ‘गिव्ह माय हार्ट रेस्ट इन ख्राइस्ट’ असं ठरलं. 7व्यातलं ग्रीक रूप पूर्णकाळाचं आहे: विसावा मिळाला आणि तो टिकून आहे. इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ ते बऱ्यापैकी पेलतो.

काळ आणि सर्वनाम

12व्या वचनात आणखी एक गाठ होती. ग्रीकमध्ये ‘अनेपेम्प्सा’, सरळ भूतकाळ: मी परत पाठवला. सर व्याकरणाला चिकटून होते आणि पहिल्या मसुद्यात ‘आय सेंट’ राहिलं होतं. चाचणीत दोघांची समजूत झाली की अनेसिम आधीच निघून गेला आणि पत्र नंतर गेलं. खरं तर तो पत्रासोबतच जातोय. ग्रीक पत्रलेखक बऱ्याचदा वाचणाऱ्याच्या क्षणावरून काळ ठरवतो: तू हे वाचशील तेव्हा माझं पाठवणं झालेलं असेल. आपण पत्रात “सोबत पैसे पाठवले आहेत” लिहितो तेव्हा पैसे अजून आपल्याच हातात असतात, तसंच. 19 आणि 21 मध्ये “मी लिहिलं” येतं तेही असंच, लिहिता लिहिता. तिन्ही ठिकाणी आम्ही चालू वर्तमानकाळ केला. किंग जेम्समध्ये याच वचनात ‘त्याचा स्वीकार कर’ अशी जोड आहे, पण ती जुन्या हस्तलिखितांत नाही, 17व्या वचनातून सरकून आली असावी. ती आम्ही घेतली नाही.

10व्या वचनाचा शब्दक्रम मात्र जपला. ग्रीकमध्ये पौल आधी लेकरू म्हणतो, मग बेड्यांतला जन्म सांगतो आणि नाव अगदी शेवटी घेतो. फिलेमोनाच्या कपाळाला आठी पडण्याआधी त्याच्या कानावर ‘लेकरू’ पडलेलं असतं. किंग जेम्सनं नाव पुढे आणलं. आम्ही पूर्णविरामाआधी शेवटचा शब्द ‘अनेसिम’ ठेवला, आणि आजी वाचताना त्याच्याआधी क्षणभर थांबायच्या.

सर्वनामाचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा. पत्राच्या पोटात पौल फिलेमोनाला एकवचनी ‘तू’ म्हणतो. पण दुसऱ्या वचनात पत्ता आहे फिलेमोन, अप्फिया, अर्खिप्प आणि घरात जमणारी मंडळी असा. तिसऱ्या आणि पंचविसाव्या वचनातला आशीर्वाद ‘तुम्हा’ सगळ्यांना आहे. 22 मध्ये तर एकाच वाक्यात दोन्ही येतात: तू माझ्यासाठी खोली तयार ठेव, कारण तुम्हा सर्वांच्या प्रार्थनांनी मी तुम्हाला परत मिळेन अशी आशा आहे. विनवणी एकट्याला, पण सगळ्यांदेखत. घरमालकाच्या चेहऱ्याकडे सगळी मंडळी बघत असताना हे वाचलं गेलं असणार. जुन्या इंग्रजीत ‘दाउ’ आणि ‘यू’ असा फरक होता, किंग जेम्समध्ये तो या पत्रातही दिसतो. आजच्या इंग्रजीत दोन्हीला ‘यू’.

मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे, म्हणून मला हे सोपं वाटलं होतं. पण बैठकीत समजावताना लक्षात आलं की आपल्याकडे ‘तुम्ही’ आदराचंही असतं, म्हणून मराठी वाचकाला 22व्यात पौल अचानक फिलेमोनाशी अदबीनं बोलू लागला असं वाटू शकतं. आपल्यालाही ‘तुम्हा सर्वांच्या’ म्हणावं लागतं. इंग्रजीत आम्ही तेच केलं, ‘द प्रेअर्स ऑफ यू ऑल’. आणि वाचकाच्या प्रतीवर पेन्सिलीनं खुणा: 3, 22 आणि 25 ला मान वर करून सगळ्या खोलीकडे बघायचं, बाकीच्या वेळी पहिल्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीकडे. व्याकरणाचं काम नजरेनं केलं.

जो निर्णय आम्ही चर्चा न करता घेतला

‘डूलॉस’ म्हणजे गुलाम. पहिल्या मसुद्यात 16व्या वचनात ‘सर्व्हंट’ होतं. किंग जेम्समध्येही तेच आहे, कानाला सवयीचं आहे, आणि वर्गात कुणाला दुखू नये असाही विचार होता. मी ताडून पाहताना तिथे खूण केली नाही. काळाच्या एका रूपावर आम्ही तासभर बोललो आणि यावर एक मिनिटही नाही.

दुसऱ्या चाचणीत एक माणूस म्हणाला, “नोकर असेल तर तो काम सोडून जाऊ शकतो. मग हे पत्र कशाला?”

त्यावर उत्तर नव्हतं. याच पत्राचा आधार एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत दोन्ही बाजूंनी घेतला गेला. पळून आलेल्या गुलामाला मालकाकडे पाठवावं असं म्हणणाऱ्यांनी पौलाचं उदाहरण दिलं, आणि गुलामगिरी मोडू पाहणाऱ्यांनी “गुलाम म्हणून नको, भाऊ म्हणून” हे वाक्य पुढे केलं. शब्द सौम्य केला की त्या वाक्याची धारच जाते. ‘गुलामापेक्षा अधिक’ याला अर्थ यायचा तर आधी ‘गुलाम’ ऐकू यायला हवं. त्याच रात्री ‘स्लेव्ह’ केलं. एखाद्याला दुखेल याची काळजी चुकीची नव्हती. पण ती काळजी घ्यायची जागा वाचनाआधीच्या दोन वाक्यांच्या प्रस्तावनेत होती, मजकुरात नव्हे. तशी प्रस्तावना नंतर जोडली.

परिणाम

शेवटचं वाचन अठरा-वीस लोकांसमोर झालं. आजींनीच वाचलं, उभ्यानं, चष्मा हातात धरून. 20व्या वचनाला त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बघत ‘माय हार्ट’वर किंचित जोर दिला. नंतरच्या बोलण्यात पहिल्या चाचणीतली ती बाई होती. तिला विचारलं, शेवटी म्हातारा काय मागतो? ती म्हणाली, “तो मुलगाच मागतोय. हृदय म्हणजे मुलगा, आधी सांगितलं होतं की.”

सगळं जमलं असं नाही. दोन तरुणांना 12व्या वचनात प्रेमप्रकरणाचा वास आला. ‘हार्ट’ची भीती होती ती खरी ठरली, आणि लेकराचा अर्थ दोन वचनं आधीचा असूनही त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. अनेसिम या नावाचा अर्थ ‘उपयोगी’. 11व्या वचनातला निरुपयोगी-उपयोगी हा खेळ इंग्रजीत बऱ्यापैकी आला, कारण आम्ही प्रस्तावनेत नावाचा अर्थ सांगितला होता. पण 20व्या वचनात ‘ओनाइमेन’ असं एक क्रियापद आहे, इच्छा व्यक्त करणाऱ्या, तोवर ग्रीकमधून जवळजवळ मावळलेल्या रूपातलं: “तुझ्याकडून माझा एवढा लाभ होवो.” ते मुलाच्या नावाच्या नादाशी खेळतं. त्याला इंग्रजीत काही सापडलं नाही.

आता पुन्हा केलं तर

मसुदा लिहायच्या आधी मी ग्रीक पत्रात पुन्हापुन्हा येणाऱ्या शब्दांची यादी करीन आणि ती मसुदा लिहिणाऱ्याच्या हातात देईन. माझी खरी चूक तिथे होती. मी वाक्य घेऊन वाक्याशी ताडत गेले. प्रत्येक वाक्य बरोबर निघत गेलं आणि मी मान डोलावत गेले. 7 आणि 20 शेजारी ठेवून पाहिलेच नाहीत. पेन्सिलीचं काम पहिल्या दिवशी दहा मिनिटांत झालं असतं.

चाचणीवाचन मसुदा पुरा व्हायची वाट न पाहता अर्ध्यावरच करीन, आणि “कळलं का?” असं न विचारता “सांगा” असंच म्हणेन. “कळलं का”ला सहाच्या सहा जणांनी हो म्हटलं असतं.

12व्या वचनात ‘हार्ट’च्या जोडीला लेकराचा शब्द परत आणता येईल का, यावर माझं आणि बाईंचं अजून एकमत नाही. ‘माझं लेकरू, माझं हृदय’ असं दोन शब्दांत उघडून सांगावं असं मला वाटतं. ऐकणाऱ्याला आधार मिळेल. बाईंचं म्हणणं, ग्रीकमध्ये तिथे लेकरू हा शब्द नाही, आणि जे पौलानं न बोलता साधलं ते आपण बोलून टाकू नये. सर त्यांच्या बाजूनं आहेत. आजी माझ्या.

पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. काम संपवून 1922 साली त्या गेल्या. या प्रकरणानंतर मी त्यांचं भाषांतर मागवलं आहे. 12व्या वचनात त्यांनी काय केलं ते मला बघायचं आहे, आणि मग तो कागद घेऊन पुढच्या बैठकीला जायचं आहे.